क्रमांक चारच्या नावावर

पाच वाजून त्रेचाळीस मिनिटांनी वहिनीला जाग आली. गजर पावणेसहाचा होता. तो वाजण्याआधीच तिने बंद केला, कारण शेजारच्या पलंगावर तिची नणंद झोपली होती आणि नणंदेची झोप मोडणे हे वहिनीच्या लेखी सामना हरण्याच्या खालोखाल वाईट काम होते. हॉटेलच्या चौथ्या मजल्यावरच्या त्या खोलीत दोन पलंग, एक खुर्ची आणि दोघींच्या मिळून सहा हॉकी स्टिक एवढाच ऐवज होता. वहिनीने पडदा वीतभर सरकवला आणि खिडकीला अडकवलेले मोजे चाचपले. डावा वाळला होता, उजवा अजून दमट होता. किटलीत चहाचे पाणी तापत ठेवून तो दमट मोजा तिने किटलीच्याच गरम अंगाभोवती गुंडाळला. मग खुर्चीत बसून घोट्याला पट्टी बांधली आणि स्टिकच्या मुठीवरची झिजलेली पट्टी सोडवून नवी गुंडाळायला घेतली.

या पट्टीचा प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर बरोबर एक तृतीयांश चढला पाहिजे, असा तिचा दंडक होता. नववा फेरा निम्म्याने चढला. वहिनीने त्याच्याकडे थोडा वेळ पाहिले आणि सगळी पट्टी उलगडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

ती वजनमापे खात्यात निरीक्षक होती. दुकानांतले तराजू तपासायचे, बरोबर असतील तर शिक्का मारायचा आणि नसतील तर उचलून न्यायचे, हे तिचे काम. पाच ग्रॅमच्या फरकासाठी तिने प्रत्यक्ष चुलतसासऱ्यांचा तराजू जप्त केला होता, आणि ती हकीकत सासरी अजून प्रत्येक पंगतीत मिठासारखी वाढली जात असे.

"पुन्हा सोडलीस ना पट्टी?" पांघरुणाच्या आतून आवाज आला.

"वन्सं, आपण जाग्या आहात?"

"तू ती पट्टी करकर ओढत असताना मेलेला माणूसही उठून बसेल. चहा झाला?"

'वन्सं' हा शब्द वहिनी चेष्टेनेच वापरी. नणंदेला असे आदराने हाक मारण्याचे दिवस कधीच सरले होते. शिवाय ही नणंद तिच्याहून चार वर्षांनी लहान होती आणि राष्ट्रीय संघाची कॅप्टन होती. दोघी आधी संघात एकत्र आल्या आणि नाते नंतर जुळले. कॅप्टनचा थोरला भाऊ एकदा बहिणीचा सामना बघायला आला आणि भलतीकडेच बघत बसला. त्याचे चष्म्याचे दुकान होते, म्हणून "याची नजर एवढी चांगली कशी?" असे सगळ्यांनी विचारून घेतले. लग्नानंतर कॅप्टन तिला वहिनी म्हणू लागली, मग सगळा संघच म्हणू लागला, आणि शेवटी वयाने वीस वर्षांनी मोठे असलेले प्रशिक्षक सरही "वहिनी, जरा धावा की" असे म्हणू लागले.

मैदानावर वहिनीचे खास काम एकच होते. पेनल्टी कॉर्नर मिळाला की गोलच्या बाजूला, मैदानाच्या मागच्या रेषेवर उभे राहून चेंडू बाहेर ढकलायचा. तिकडे दुसरी खेळाडू तो थांबवते आणि कॅप्टन तो गोलात मारते. टाळ्या कॅप्टनला, छायाचित्र कॅप्टनचे, आणि त्या छायाचित्राच्या अगदी कडेला वहिनीचा अर्धा कोपर. "वहिनी वाढते आणि नणंद जेवते," असे संघात म्हटले जाई. तेरा वर्षे, एकशे सेहेचाळीस सामने, शून्य गोल. आजचा एकशे सत्तेचाळिसावा सामना तिचा शेवटचा होता. तसे तिने सरांना महिनाभरापूर्वीच लिहून दिले होते, दोन प्रतींत.

कॅप्टनने चहाचा पहिला घोट घेतला. "आज तरी माहेर सांगशील?"

"योग्य वेळ आली तर सांगीन."

"तुझी योग्य वेळ म्हणजे सरकारी वेळ. फाइल वरच्या टेबलावर गेली की गेली."

हा 'माहेर' संघाच्या खुणेचा शब्द होता. पेनल्टी कॉर्नरच्या चालींना सरांनी आधी आकडे दिले होते. पण आकडे जगातल्या सगळ्या संघांना कळतात, असे लक्षात आल्यावर गोलरक्षिकेने, जिला सगळ्या 'भिंत' म्हणत, नात्यागोत्यातले शब्द सुचवले. चेंडू बाहेर गेला आणि कॅप्टनने थेट गोलवर मारला, तर ते 'सासर'. मुलगी घरातून निघाली ती सरळ सासरी. मध्येच बाजूच्या खेळाडूकडे मुक्काम केला, तर 'मावशी'. आणि बाहेर गेलेला चेंडू कॅप्टनने वहिनीकडेच परत पाठवला आणि वहिनीने तो खांबाजवळ स्टिकने नुसता वळवून गोलात घातला, तर ते 'माहेर'. समोरच्या बचावपटू कुठे उभ्या आहेत हे वहिनीला सर्वांत जवळून दिसे, म्हणून शब्द तिनेच द्यायचा, असे ठरले होते. चार वर्षे रोज सकाळी वीस-वीस वेळा माहेरचा सराव झाला. सामन्यात वहिनीने तो शब्द एकदाही उच्चारला नव्हता. तिचे हिशेबाने बरोबरच असे; प्रत्येक वेळी सासरच जास्त सोयीचे दिसे. तरी चार वर्षांत मुलीला एकदाही माहेरी जायला सवड मिळू नये, हे जरा अतीच होते.

फोन वाजला. पलीकडे वहिनीची सहा वर्षांची मुलगी होती. ती बाबांबरोबर पहिल्या बसने निघाली होती.

"आई, वर्गात बाईंनी विचारलं, तुझ्या आईचे किती गोल. मी शून्य सांगितलं. मग त्या म्हणाल्या, मग आई खेळते कुठे? मी सांगितलं, आत्याला चेंडू देते. मग सगळे म्हणाले, आत्याला स्वतःला घेता येत नाही का?"

कॅप्टनने तिच्या हातून फोन ओढून घेतला.

"ऐक गं, तू गोलच्या मागे बस. आणि आज आई चेंडू ढकलायला वाकली की मोठ्याने ओरडायचं. काय ओरडायचं? माहेर! म्हणून दाखव बरं."

फोनमधून असा काही आवाज आला की कॅप्टनने तो कानापासून हातभर लांब धरला. "वा! भाची कोणाची?"

"वन्सं, मुलीला काहीबाही शिकवू नका."

"मी शिकवतेय ते देशाच्या भल्यासाठी."

देशाचे भले त्या दिवशी पाचव्या क्रमांकात अडकले होते. आठ राष्ट्रीय संघांच्या या स्पर्धेत पहिल्या पाचांना पुढच्या वर्षीच्या मोठ्या स्पर्धेत थेट प्रवेश होता. सहाव्याला पुन्हा पात्रतेच्या फेऱ्या खेळत गावोगाव हिंडायचे होते. हा झाला संघाचा प्रश्न. कॅप्टनचा आणखी एक होता. तिचे पाच गोल झाले होते आणि दुसऱ्या एका संघाच्या एका मुलीचेही पाचच. त्या मुलीचा संघ कालच आपले सगळे सामने संपवून घरी गेला होता, आणि बाकी कोणी त्या दोघींच्या जवळपासही नव्हते. आज एक गोल झाला तर सर्वाधिक गोलांचा चषक एकट्या कॅप्टनचा. नाही तर दोघींत निम्मा-निम्मा. "निम्मा चषक म्हणजे वाटी," असे भिंत म्हणाली होती, आणि कॅप्टनने ते फारच मनाला लावून घेतले होते.

सामना दुपारी दोनला सुरू झाला. प्रेक्षक तीनशेच्या आसपास होते, आणि त्यांतले बरेचसे सावली बघून बसले होते. पाहुण्या संघाने पहिल्याच सत्रात गोल केला. तिसऱ्या सत्रात आपल्या एका मधल्या फळीतल्या खेळाडूने तो फेडला. एक-एक. कॅप्टनने चार वेळा गोलवर नेम धरला आणि चारही वेळा समोरच्या गोलरक्षिकेने पाय आडवा घातला. ती उंच, शांत आणि लांब पायांची बाई होती. तिच्याकडे बघून वाटे, तिला गोलात उभे केलेले नाही, गोलच तिच्याभोवती नंतर बांधला आहे.

शेवटची दोन मिनिटे उरली असताना पेनल्टी कॉर्नर मिळाला.

वहिनी रेषेवर येऊन वाकली. तिने समोर पाहिले. पहिली धावणारी बचावपटू डावीकडे झुकली होती, म्हणजे ती मावशीची वाट अडवणार. खांबाजवळची मुलगी खांबाला पाठ लावूनच उभी होती, म्हणजे माहेरची वाट बंद. कॅप्टनसमोरची वाट मात्र क्षणभर तरी मोकळी राहणार होती. हिशेब सरळ होता.

"सासर!" वहिनीने शब्द दिला आणि चेंडू ढकलला.

आणि त्याच क्षणी, गोलच्या मागून, साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असा किनरा आवाज आला, "माहेर!"

आता, शब्द कोणी द्यायचा हे वहिनीच्या डोक्याला पक्के ठाऊक होते. पण चार वर्षे रोज वीस वेळा जो शब्द ऐकला की पाय उचलायचा, तो ऐकल्यावर डोक्याला विचारत बसण्याची पायांना सवय उरली नव्हती. वहिनी गोलकडे धावली, वाकली आणि खांबाजवळ स्टिक टेकवून उभी राहिली. स्वतः दिलेला हुकूम स्वतःच मोडल्याचे तिच्या ध्यानात आले, तेव्हा कॅप्टनने चेंडू मारला होता. सांगितल्याप्रमाणे, थेट. गोलरक्षिकेचा लांब पाय बरोबर त्याच्या वाटेत सरकला होता. चेंडू वहिनीच्या स्टिकच्या टोकाला निसटता लागला, चार बोटे वळला आणि पायाच्या पलीकडून आत गेला.

फळीवर चेंडू आदळल्याचा आवाज झाला. कॅप्टन दोन्ही हात पसरून धावत सुटली आणि सगळ्या तिच्या अंगावर जाऊन पडल्या. ध्वनिक्षेपकावरून पुकारा झाला, "गोल! क्रमांक दहा, कॅप्टन! स्पर्धेतला सहावा गोल!" वहिनी तिथेच उभी होती. तिच्या डाव्या तळहातात अजून एक बारीकशी झिणझिणी होती.

सामना दोन-एकने जिंकला.

खेळाडूंच्या खोलीत टॉवेल उडत होते. कॅप्टन बाकावर उभी राहून फोनवर आईशी, म्हणजे वहिनीच्या सासूबाईंशी, बोलत होती. "सहा, आई! आख्खा चषक! वाटी नाही!" फोन ठेवून ती वहिनीकडे वळली. "आणि तुम्ही हो, निरीक्षकबाई? सासर म्हणून हुकूम सोडलात आणि स्वतः माहेरी निघालात? धडपडत कुठे होतीस खांबाजवळ?"

सगळ्या हसल्या. वहिनीने बुटाची नाडी सोडता सोडता वर न बघता म्हटले, "लागला."

"काय?"

"तो चेंडू. मला लागला होता."

कॅप्टनने बाकावरून उडी मारली. "अगं, मग मघाशीच नाही का सांगायचं! बर्फ आणा! वहिनीला चेंडू लागलाय!"

"तसा नाही गं. म्हणजे, माझ्या..."

"कुठे? घोट्याला? पट्टी होती तिथेच ना?"

"कुठेच नाही."

"कुठे लागलं हेही हिला सांगता येत नाहीये," भिंत गंभीरपणे म्हणाली. "डोक्याला तर नाही ना?"

फिजिओबाई पिशवी घेऊन धावत आल्या. त्यांनी वहिनीच्या डोळ्यांसमोर बोटे धरली. "किती?"

"तीन. पण माझं म्हणणं..."

"बोलू नका. शांत बसा." आणि घोट्यावर बर्फाची पिशवी करकचून बांधली गेली.

वहिनी शांत बसली. आपले म्हणणे कोणी ऐकून घेतले नाही याचे तिला वाईट वाटले, आणि खरे सांगायचे तर जरासे बरेही वाटले. बोलण्याचा प्रयत्न झाला होता. तो फसला, यात आपला काय दोष? समोर कॅप्टन नाचत होती. तेरा वर्षांत या पोरीने पाठदुखी, दोन मोडलेली बोटे आणि एकदा सगळ्या वर्तमानपत्रांच्या शिव्या सोसल्या होत्या. तिच्या ताटातला घास, तोही पहिलाच आख्खा चषक, घरातल्याच माणसाने काढून घ्यायचा? आणि कशासाठी? चुकून घडलेल्या गोष्टीसाठी. शब्द आपण दिला नव्हता, नेम आपण धरला नव्हता. पाय आपले होते, एवढेच.

दारावर थाप पडली. नवरा मुलीला घेऊन आला होता. मुलगी धावत येऊन आईच्या मांडीला बिलगली.

"आई, तुझ्या काठीला लागला. मी बघितला."

"ही प्रत्येक गोलला हेच म्हणते," नवरा हसत म्हणाला. "परवाच्या सामन्यात तर तू राखीव खुर्चीत होतीस, तरी म्हणाली."

"तुम्ही बघितलंत का?" वहिनीने विचारले.

"मी? मी चष्मा पुसत होतो."

"मी बाईंना सांगू, आईचा एक गोल?" मुलीने विचारले.

चष्म्याच्या दुकानाच्या मालकाने सामन्याच्या नेमक्या त्या क्षणी चष्मा पुसावा, यावर बोलण्यासारखे पुष्कळ होते. पण वहिनीचे लक्ष मुलीकडे होते. हो म्हणावे, तर कागदावर ते खोटे. नाही म्हणावे, तर खरोखर खोटे. रोज दहा दुकानदारांना ती एकच वाक्य ऐकवत असे: काटा तुमच्या फायद्याचा चुकतोय की तोट्याचा, ते मला बघायचं नाही, चुकतोय ना, मग उचला. एका म्हाताऱ्या दुकानदाराचा काटा तर गिऱ्हाइकाला दहा ग्रॅम जास्तच देत होता. तोही तिने उचलला होता. म्हातारा म्हणाला होता, "बाई, मी माझंच नुकसान करून घेतोय, त्यात सरकारचं काय जातं?" त्याला तिने सगळे नियम म्हणून दाखवले होते. मग आता?

मग तिला ती दुसरी मुलगी आठवली, पाच गोल करून काल घरी गेलेली. तिचा निम्मा चषक या चार बोटांच्या वळणात नाहीसा झाला होता. या मुलीची आठवण आपल्याला अगदी सोयीच्या वेळी झाली, हेही वहिनीच्या लक्षात आले. तिच्यासाठी म्हणून आपण नोंद बदलून घ्यायला जाणार नव्हतो. आपल्याला तो गोल हवा होता. साधा, निसटता, चुकून झालेला, पण आपला. तेरा वर्षांत तिने ही गोष्ट स्वतःशी इतक्या स्पष्ट शब्दांत कधी कबूल केली नव्हती, आणि केल्यावर तिला वाटले होते तितकी लाज वाटली नाही.

"थांब जरा," ती मुलीला म्हणाली. "मी आधी बघून येते."

"कुठे निघालीस? बर्फ ठेव पायावर!" कॅप्टन ओरडली.

"आलेच, वन्सं."

सामन्याचे कागदपत्र पाहणाऱ्यांची खोली मार्गिकेच्या टोकाला होती. सामना संपल्यावर अर्ध्या तासात दोन्ही संघांच्या व्यवस्थापिकांनी गुणपत्रकावर सही करायची, की मग त्यात कोणालाच काही बदलता येत नसे. वहिनी आत गेली, तेव्हा अर्ध्या तासातली एकवीस मिनिटे झाली होती. टेबलामागे पांढऱ्या केसांच्या एक नोंदणी अधिकारी बसल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर आपल्या संघाच्या व्यवस्थापिका मॅडम पेनचे टोपण काढत होत्या.

"मॅडम, सही थांबवा," वहिनी म्हणाली. "दुसऱ्या गोलपुढे दहा लिहिलंय. तिथे चार हवं."

अधिकारी बाईंनी चष्म्यावरून पाहिले. "तुम्ही कोण?"

"क्रमांक चार."

"अच्छा." त्यांनी घोट्यावरच्या बर्फाकडे पाहिले. "लोक सहसा सही झाल्यावर भांडायला येतात. तुम्ही वेळेत आलात."

"मी भांडायला आले नाही. चित्रफीत बघा आणि दिसलं तरच बदला. नाही दिसलं तर मी जाते."

त्यांनी चित्रफीत लावली. पहिल्यांदा काहीच दिसले नाही. दुसऱ्यांदा कॅप्टनचा मारा दिसला, पसरलेला पाय दिसला. तिसऱ्यांदा त्यांनी ती थेंबाथेंबाने पुढे सरकवली, आणि स्टिकच्या टोकाजवळ चेंडूची वाट किंचित मोडली.

"बारीक आहे," अधिकारी बाई म्हणाल्या.

"हो."

"पण आहे."

मॅडम वहिनीला हाताला धरून खिडकीशी घेऊन गेल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "अगं, वेडी का तू? तिचा चषक निम्मा होईल. ती काय परकी आहे? घरातलीच गोष्ट, घरातच राहू दे ना. संध्याकाळी तिच्या कानात सांग, दोघी हसा, झालं."

"मॅडम, घरात मी सांगेनच. पण कागद घरातला नाही."

"सासूबाई काय म्हणतील?"

"त्या अजून तराजूचंच बोलतायत. त्यांना नवीन विषय मिळेल."

मॅडम हसू आवरत नाही म्हणून खोकल्या. "आणि कॅप्टनला कोण सांगणार? मी नाही हं."

"मीच सांगते. बक्षीस समारंभाच्या आधी. तिथे उभं राहून कळायला नको."

नोंदणी अधिकारी बाईंनी विचारले, "मग? बदलू?"

वहिनीने मान हलवली. बाईंनी पट्टी ठेवून दहाच्या आकड्यावर एक सरळ रेघ मारली, शेजारी चार लिहिला, कंसात वेळ घातली आणि कागद पुढे सरकवला. आधी मॅडमनी सही केली. मग दुरुस्तीपुढच्या रिकाम्या जागेत, रोज शिक्क्याखाली करते तशीच, बारीक आणि वाचता येण्याजोगी सही वहिनीने केली, पेन टोपण लावून परत दिले, आणि बर्फाची पिशवी सांभाळत कॅप्टनला बाहेर बोलवायला निघाली.